उठून जाता न येणाऱ्याचं स्वातंत्र्य

१९९८ साली नाशिकला कॉलेजात असताना मी वर्षभर एका परमिट रूमच्या गल्ल्यावर बसत होतो. संध्याकाळी सात ते रात्री साडेबारा. पंधरा टेबलं, दोन पंखे आणि भिंतीत एक एक्झॉस्ट, त्याची जाळी तेलकट काजळीने बुजलेली. नऊ वाजले की ट्यूबलाइटखाली धुराचा असा थर जमायचा की शेवटच्या टेबलावर कोण बसलंय हे ओळखायला डोळे बारीक करावे लागत. नाना तिथले वेटर. गळ्यात तुळशीची माळ. सिगारेट तर सोडाच, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. दर थोड्या वेळाने ते भरलेला ॲश-ट्रे उचलायला यायचे. त्याची एक रीत होती. धुतलेला ॲश-ट्रे भरलेल्यावर पालथा घालायचा, दोन्ही एकदम उचलायचे, म्हणजे राख गिऱ्हाइकाच्या ताटात उडत नाही. मग वरचा काढून जागेवर ठेवायचा. रात्रीत शंभरेक वेळा तरी हे होत असेल. मी घरी गेलो की आई माझा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

एका रात्री नानांना खोकल्याची मोठी उबळ आली. हातातला ट्रे टेबलावर टेकवून ते तसेच वाकून उभे राहिले. तिथल्या एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले, "साहेब, जरा तिकडे तोंड करून ओढता का?" तो माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही त्याने. सहज म्हणाला, "नाना, त्रास होतो तर दुसरीकडे काम बघायचं. इथे लोक यासाठीच येतात."

त्या खोकल्याला धूरच कारण होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी असावी की नसावी यावर जगभर जो वाद चालतो, त्यात बंदीच्या विरोधातला सगळ्यात भक्कम मानला जाणारा मुद्दा शेवटी या एका वाक्यावर येऊन टेकतो: ज्याला त्रास होतो त्याने उठून जावं. मला त्याचं उत्तर द्यायचं आहे, कारण नानांना तेव्हा ते देता आलं नाही आणि गल्ल्यावर बसून मीही दिलं नाही.

स्वातंत्र्याचा प्रश्न खोटा नाही, हे आधीच सांगतो. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करावं हे सरकारने ठरवू नये, हे मला मनापासून पटतं. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये जी रेघ आखली, की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडवायचं तर दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच, ती मला आजही योग्य वाटते. तोच मिल दारूच्या सरसकट बंदीविरुद्ध होता, पण विषाच्या बाटलीवर 'विष' असं लिहिलं पाहिजे असं म्हणत होता. म्हणजे सांगा, सावध करा, पण हात धरू नका. मात्र याच रेघेवर उभं राहून बघितलं तर बंद खोलीतला धूर रेघेच्या कोणत्या बाजूला पडतो?

याचं उत्तर १९८१ पासून आपल्याकडे आहे. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० अशा बायकांची चौदा वर्षं नोंद ठेवली ज्या स्वतः कधीच सिगारेट ओढत नव्हत्या. ज्यांचे नवरे ओढत होते, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त निघालं. नवरा जितकं जास्त ओढणारा, तितकं जास्त. तंबाखू कंपन्यांनी त्या अभ्यासावर सगळ्या बाजूंनी हल्ले केले. पण पुढच्या पंचवीस वर्षांत देशोदेशी झालेल्या संशोधनाने तीच दिशा दाखवली, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्टच लिहिलं की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही. स्वतः न ओढता दुसऱ्याच्या धुराने मरणारी माणसं जगात वर्षाला दहा लाखांहून अधिक आहेत. तेव्हा नानांचं फुप्फुस हा त्या गिऱ्हाइकाचा खाजगी मामला नव्हता.

मग राहतं ते "उठून जावं" एवढंच. आणि इथेच मला या सगळ्या वादाची मुळातली गफलत दिसते. स्वातंत्र्यावर बोलणारी माणसं बहुतेक वेळा उठून जाऊ शकणारी असतात. गिऱ्हाईक उठू शकतं, दुसऱ्या हॉटेलात जाऊ शकतं. वेटर उठू शकत नाही. एसटीत खिडकीशी चेपून बसलेली बाळंतीण उठू शकत नाही. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात नंबर लावून बसलेला दम्याचा पेशंट नंबर सोडून कुठे जाणार? आयर्लंडने २९ मार्च २००४ ला पबमध्येसुद्धा धूम्रपान बंद केलं, तेव्हा तिथल्या सरकारने ही गोष्ट नेमकी ओळखली होती. त्यांनी बंदी मांडली ती कामाच्या ठिकाणची सुरक्षा म्हणून. पब हे पिणाऱ्याचं करमणुकीचं ठिकाण असेल, पण ग्लास धुणाऱ्या मुलीचा तो कारखाना आहे. कारखान्यात विषारी वायू सोडणं हा मालकाचा हक्क नसतो, आणि कामगाराने "दुसरी नोकरी बघ" हे ऐकून घ्यायचं नसतं. ते दिवस कामगार चळवळीने कधीच मागे टाकले.

पक्षांच्या हाती गेल्यावर या प्रश्नाचं काय होतं, हे पाहायचं तर ब्रिटन आणि न्यूझीलंड एकमेकांशेजारी ठेवावेत. २००४ मध्ये ब्रिटनचे आरोग्यमंत्री जॉन रीड, मजूर पक्षाचे, म्हणाले होते की गरीब वस्तीतल्या एकट्या आईला सिगारेट हेच काय ते एक सुख असतं. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, सदस्यांना मोकळं मत द्यायची मुभा मिळाली आणि ३८४ विरुद्ध १८४ अशा मतांनी पब आणि खाजगी क्लबांसकट सगळीकडे बंदी मंजूर झाली. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण पक्षादेशाचा चाबूक बाजूला ठेवल्यावर माणसं काय ठरवतात ते त्यातून दिसतं. पुढे २०२३ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही आयुष्यभर सिगारेट विकत मिळू नये अशी योजना आणली. एप्रिल २०२४ च्या मतदानात त्यांच्याच पक्षाच्या ५७ खासदारांनी विरोधात मत दिलं. बोरिस जॉन्सन यांनी तर चर्चिलच्या पक्षाने सिगारवर बंदी आणणं हा वेडेपणा असल्याचं सांगितलं. हीच जन्मवर्षाची कल्पना न्यूझीलंडमध्ये डाव्या सरकारने २०२२ मध्ये कायद्यात आणली होती आणि उजव्या आघाडीने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केली. तिथल्या नव्या अर्थमंत्र्यांनी उघड सांगितलं की तंबाखूचा महसूल करकपातीला उपयोगी पडेल.

एका देशात उजव्यांनी आणलं, दुसऱ्या देशात उजव्यांनीच मोडलं. यात कोणाचं तत्त्व कुठे आहे? स्वातंत्र्याचं नाव घेऊन तिजोरी भरायची, किंवा आरोग्याचं नाव घेऊन समोरच्या पक्षाला कोंडीत पकडायचं. आणि या गदारोळात ग्लास धुणारी ती मुलगी पुन्हा दिसेनाशी होते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवावं. शरीरसंबंधासाठीचं मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं एवढाच तो प्रश्न. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने कायदा करून आमच्या समाजात ढवळाढवळ करू नये, सुधारणा आम्ही आमच्या हाताने करू. त्यांनी स्वतः मुलींची लग्नं सोळाच्या आत न करण्याची मोठी प्रतिज्ञा सुचवलीही होती. मिलचा खोल संस्कार असलेले आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांची परसत्तेबद्दलची शंका क्षुल्लक नव्हती, असं मी मानतो. पण त्या अख्ख्या वादात, सभांमध्ये, केसरी आणि सुधारकाच्या रकान्यांमध्ये, बंगालमध्ये नवऱ्याच्या बळजबरीने मेलेली फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी किती वेळ डोळ्यांसमोर राहिली? तिला उठून जाता येत नव्हतं. आगरकर मला आज जवळचे वाटतात ते ते आधुनिक होते म्हणून नाही, तर कायद्याचा विचार त्यांनी त्या मुलीच्या जागी बसून केला म्हणून.

आपल्याकडच्या धूम्रपानबंदीचा इतिहास त्या मानाने आश्वासक आहे, आणि तो आपण विसरत चाललोय याचं मला वाईट वाटतं. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान म्हणजे इतरांच्या जगण्याच्या हक्कावर, घटनेच्या एकविसाव्या कलमावर, घाला आहे असं ठरवलं. गोव्याने त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता. नंतर मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, कोर्टं, सरकारी कार्यालयं, रेल्वे आणि इतर सार्वजनिक वाहनं यांत धूम्रपानाला मनाई केली. देशभराचा कायदा आला तो २००३ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात. त्याचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू केले मनमोहन सिंग सरकारातले आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी. महाराष्ट्रातही तेच: २०१२ ची गुटखाबंदी काँग्रेस-राष्ट्रवादीची, कमला मिलच्या आगीत चौदा जीव गेल्यानंतर आलेली २०१८ ची हुक्का पार्लरबंदी भाजप-शिवसेनेची, सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवरची २०२० ची बंदी महाविकास आघाडीची. सगळ्यांचे हात लागलेत. म्हणून आज कुणी हा विषय 'त्यांचा' आणि 'आपला' करू पाहतो, तेव्हा मला ती परदेशातून उसनी आणलेली भांडणं वाटतात.

अर्थात आपले पक्षही धुतल्या तांदळाचे नाहीत. २०१५ मध्ये या कायद्याच्या नियमांची छाननी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार. तंबाखूने कर्करोग होतो असा भारतीय अभ्यासच नाही, असं ते जाहीरपणे म्हणाले. त्याच्या जेमतेम महिना-दीड महिना आधी, फेब्रुवारीत, तंबाखूची सवय असलेले आपले आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. तासगावच्या त्या माणसावर महाराष्ट्राने माया केली होती. ते वाक्य वाचलं त्या दिवशी मला संताप आला होता आणि तो अजून ओसरलेला नाही.

आता माझ्या मताचा दुसरा भाग. सार्वजनिक बंद जागेत धूम्रपानाला शंभर टक्के बंदी असावी, असं मी म्हणतो; पण वस्तूवरच्या किंवा माणसावरच्या बंदीच्या बाजूने मी नाही. या दोन गोष्टी वादात नेहमी एकत्र मळल्या जातात, आणि बंदीविरोधकांना त्याचाच फायदा होतो. फरक साधा आहे. बंद खोलीत कुणी सिगारेट पेटवली तर ज्याला इजा होते तो तिथेच बसलेला असतो. तो बोलू शकतो, मालकाला बोलावू शकतो. कायद्याला साक्षीदारही मिळतो आणि तक्रारदारही. गुटख्याच्या पुडीचं तसं नाही. विकणारा राजी, घेणारा राजी, तक्रार करणार कोण? जिथे तक्रारदार नाही तिथे कायद्याची जागा हप्ता घेतो. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. कुठल्याही टपरीवर जाऊन बघा: पानमसाल्याची पुडी एका माळेत, तंबाखूची दुसऱ्या माळेत, गिऱ्हाईक दोन्ही फाडतं आणि तळहातावर एकत्र करतं. बाकीचा माल काउंटरखाली, भाव वाढवून. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कितीतरी पटीने जास्त आहेत, हे मला ठाऊक आहे. टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर राहणारे पेशंट मी पाहिलेत. म्हणूनच मला तिथे टॅक्स, पाकिटावरची मोठी चित्रं, शाळेपासूनचं अंतर, सोडू पाहणाऱ्याला मदत हे सगळं हवं. पण ज्या बंदीत पोलिसाशिवाय कुणाचंच भलं होत नाही, तिला मी आरोग्याचं धोरण म्हणणार नाही.

जन्मवर्षाच्या बंदीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. तिच्यामागचा युक्तिवाद वजनदार आहे: सवय लागते ती अठरा-वीसच्या आत, आणि एकदा लागली की 'मी माझ्या मर्जीने ओढतो' या बोलण्यात मर्जी किती उरते? हे मला मान्य आहे. आमच्याच घरात मी चार वेळा सोडलेली आणि पाच वेळा धरलेली विडी पाहिली आहे. तरीही एकाच टपरीवर एकेचाळीस वर्षांच्या माणसाला सिगारेट द्यायची आणि चाळीस वर्षांच्याला नाकारायची, हे मला नागरिकांत भेद करणारं वाटतं. आपल्याकडे तर वयाचा दाखला तपासण्याच्या नावाखाली कोणाची अडवणूक होईल हे सांगायला नको.

जागेवरच्या बंदीला मात्र मला एकही पळवाट नको. आपल्या कायद्याने ३० खोल्यांच्या हॉटेलांना, ३० आसनांच्या रेस्टॉरंटना आणि विमानतळांना धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवायची मुभा दिली आहे. कागदावर त्या खोलीला पूर्ण उंचीच्या चार भिंती हव्यात, आपोआप मिटणारं दार हवं, हवा बाहेर खेचणारी यंत्रणा हवी. पण ती खोली झाडायला, तिथली थोटकं गोळा करायला कोणी ना कोणी जातंच. तो माणूस हॉटेलचा सगळ्यात कमी पगाराचा माणूस असतो. केंद्राने २०२१ च्या सुरुवातीला या खोल्या बंद करण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तो मागे का पडला याचा जाब कुठल्याच पक्षाने विचारला नाही.

आणि दंड? दोनशे रुपये. तो आजही देशाच्या कायद्यात तेवढाच आहे. शेजारच्या कर्नाटकाने तो हजारावर नेला. मला रक्कम वाढण्यापेक्षा तो कोणाकडून घेतला जातो याची जास्त काळजी आहे. स्टँडच्या कोपऱ्यात विडी ओढणाऱ्या रिक्षावाल्याची पावती फाडणं सोपं. पबच्या मालकाची पावती फाडलेली मी अजून पाहिलेली नाही. नियम खरं तर मालकाला धरायला पुरेसे आहेत. सार्वजनिक जागेत ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचंच नाही. प्रवेशाशी फलक लावायचा आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव त्यावर लिहायचं. तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितके जण ओढत होते तितक्या गुन्ह्यांचा दंड त्याच्यावर. किती चांगला नियम आहे हा! पण फलकाकडे नीट बघा. नावाची जागा बहुतेक ठिकाणी कोरी असते.

आणखी एक. हा कायदा रस्त्यावर, मैदानात, मोकळ्या जागेत धूम्रपान थांबवत नाही. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, स्टेडियम सोडली तर मोकळी जागा मोकळीच ठेवली आहे. 'आता श्वास घ्यायलाही परवानगी लागेल' असं म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं. ओढणाऱ्याकडून कायदा काय मागतो? दहा पावलं चालायला सांगतो. नानांकडून आपण त्यांची नोकरी मागत होतो.

ती परमिट रूम मी २००९ मध्ये पुन्हा पाहिली. टेबलावर मिठाची बरणी होती, टूथपिक होत्या, ॲश-ट्रे नव्हता. ट्यूबलाइट स्वच्छ दिसत होती. मालक कुरकुरला की सुरुवातीला धंदा थोडा बसला, मग लोक बाहेर कठड्याशी जाऊन ओढून यायला लागले, आता सवय झाली. नाना तीन वर्षांपूर्वीच काम सोडून दिंडोरीकडे गावी गेले होते.

एका जागी माझा युक्तिवाद माझ्याच अंगावर येतो, आणि ते मी लपवणार नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यासाठी कायदा, असं म्हणायचं तर सगळ्यात जास्त अडकलेली माणसं घरात असतात. दहा बाय बाराच्या खोलीतली बायको, पाळण्यातलं पोर. मग तिथे कायदा का नको? मला तो तिथे नको आहे. तक्रार करणारीला रात्री त्याच खोलीत झोपायचं असतं, आणि पोलिसाला गरिबाच्या घरात शिरायला आणखी एक निमित्त मिळू नये. हे उत्तर अपुरं आहे याची मला जाणीव आहे.

पण एक आकडा मला धीर देतो. २००९-१० च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ५२.३ टक्के प्रौढांनी सांगितलं होतं की घरात त्यांना दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. २०१६-१७ मध्ये हेच प्रमाण ३८.७ टक्क्यांवर आलं. घराला तर कुठलाच कायदा लागू नव्हता. माझा कयास असा की ऑफिसात, बँकेत, गाडीत बाहेर जाऊन ओढायची सवय लागली, ती माणसं घरी घेऊन आली. आमच्या मामांचं तसंच झालं. एसटीच्या डेपोत तीस वर्षं काढलेले. पलंगावर बसून विडी ओढणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क, मामींनी कितीही सांगितलं तरी. डेपोच्या वर्कशॉपात मनाई झाली तेव्हा आठवडाभर त्यांनी सरकारच्या नावाने बोटं मोडली. आता ऐंशी वर्षांचे आहेत, विडी सुटलेली नाही. पण संध्याकाळी बंडल आणि काडेपेटी घेऊन, भिंतीला धरत धरत गॅलरीच्या टोकाला जातात. पावसाळ्यात पागोळ्या अंगावर येतात म्हणून मामींनी तिथे त्यांच्यासाठी एक छत्री खिळ्याला अडकवून ठेवली आहे.